मोजणीच्या आदल्या दिवशी

दव उतरायच्या आत टिटवीच्या आईने बटाट्याच्या दोन सऱ्या खणून काढल्या होत्या. यंदा पाऊस ऐन वेळी तोंड फिरवून गेला होता. जमीन अशी आवळली होती की कुदळ आत जायची, पण माती तिला सोडायची नाही. प्रत्येक वेळी दांडा दोन्ही हातांनी हलवून कुदळ मोकळी करावी लागे. एवढं करून हाती लागायचे ते लिंबाएवढे बटाटे. तिने ते फडक्यात बांधले, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि नको नको म्हणत समोर पाहिलंच.

मोठ्या भाऊजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिराने, काल संध्याकाळी तिच्या सऱ्यांमधून तीन खुंट्या ठोकल्या होत्या. खुंट्यांना सुतळी बांधलेली होती. सुतळीच्या पलीकडे तिचे दोन हिस्से बटाटे आणि अलीकडे एक.

कागदावर ही जमीन दोघा भावांची होती. वरची थोरल्याची, ओढ्याकडची पट्टी धाकट्याची, हे सगळं तोंडी. धाकटा चार वर्षांपूर्वी पुलाच्या कामावर म्हणून गेला तो गेलाच. पहिल्या वर्षी दोनदा निरोप आला, नंतर तोही बंद झाला. पट्टी तिने एकटीने राखली. आता थोरल्याने मोजणी मागवली होती. कचेरीतल्या कारकुनाने तिला उभीच ठेवून सांगितलं होतं, "बाई, तुझं नाव कुठे आहे यात? नवऱ्याला माझ्यासमोर उभा कर, नाहीतर त्याचं लेखी आण. रडून कागद बदलत नाही."

ती रडली नव्हती. उन्हातून आल्यामुळे डोळे लाल झाले होते. पण तेही तिने सांगितलं नाही.

मोजणी उद्यावर आली होती. आणि दोन दिवसांपूर्वी धारवाला आला होता, सायकलच्या चाकावर दगड फिरवून विळे-कात्र्यांना धार लावणारा. तिचा विळा दगडावर धरून, ठिणग्यांकडे बघत तो म्हणाला होता, "तुझ्या माणसाच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे ना?"

तिने मान हलवली.

"मग तोच. पलीकडच्या जत्रेत पाळणा फिरवतो. मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस बाई. माझं या गावात रोजचं येणं आहे."

म्हणून ती निघाली होती. पोरीला ठेवायचं तर थोरल्या जाऊबाईंकडेच ठेवावं लागलं असतं, आणि त्या दाराचं तोंड पाहणं आता बंद झालं होतं. तिने पोरीला सांगितलं, "चल, आज जत्रेला जाऊ."

पोर साडेपाच वर्षांची. जन्मली तेव्हा तिने असा काही टाहो फोडला होता की बाप दाराबाहेरूनच म्हणाला होता, "पोरगी झालीय की टिटवी?" तेच नाव चिकटलं. आवाज अजून तसाच होता. जत्रा हा शब्द ऐकताच तिने एवढ्या मोठ्याने ओरडून उडी मारली की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.

रस्ता तीन तासांचा होता. टिटवीच्या पायात चुलत बहिणीचे, तायडीचे, जुने बूट होते. भांडणाच्या आधी मिळालेले. ते टाचेला चावत होते, पण ती बोलली नाही. बोलली तर आई परत फिरेल अशी तिला धास्ती होती.

"आई, जत्रेत दोन डोक्यांचं वासरू असतं?"

"कोण म्हणालं?"

"तायडी. मग ते दूध कुठल्या तोंडाने पितं?"

"ज्या तोंडाला भूक लागेल त्या तोंडाने."

"आणि दोन्ही तोंडांना एकदम लागली तर?"

"तर त्याच्या आईची पंचाईत."

टिटवी बराच वेळ यावर विचार करत चालली. मग म्हणाली, "बरं झालं, मला एकच तोंड आहे."

"हो बाई," आई म्हणाली, "तेच मला पुरून उरतं."

वाटेत ओढा लागला. पाणी जेमतेम घोटाभर होतं. टिटवीच्या आईने पोरीचं तोंड धुतलं, मग स्वतःचं. केस सोडून ओल्या बोटांनी नीट केले. पाण्यात वाकून पाहिलं, तर ओठांच्या कडेला रेघा पडलेल्या, गळ्याची हाडं वर आलेली. आपण हे कशासाठी करतोय, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने केस कसेबसे बांधले आणि डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं.

जत्रा एका उजाड माळावर भरली होती. ऊन डोक्यावर आलं होतं, धूळ कमरेएवढी उडत होती. भांड्यांची दुकानं, दोरखंडांची दुकानं, कातड्याच्या पट्ट्यांचे ढीग. एक दात काढणारा स्टुलावर उभा राहून चिमटा दाखवत होता. टिटवीने आईचं बोट असं धरलं होतं की बोट पांढरं पडलं. तिला सगळं एकाच वेळी बघायचं होतं, त्यामुळे ती सारखी माणसांच्या गुडघ्यांवर आपटत होती.

वासराचा तंबू आधी लागला. आत एका फळीवर पेंढा भरलेलं वासरू होतं. दुसऱ्या डोक्याच्या मानेवर शिवण दिसत होती आणि एका डोळ्याच्या जागी काळं बटण होतं.

"हे तर मेलंय," टिटवी खणखणीत आवाजात म्हणाली. रांगेतली माणसं हसली. तंबूवाला म्हणाला, "बाई, पोरीला बाहेर घे. धंद्याची वाट लावते."

बाहेर येऊन टिटवी मागे रेंगाळली. बुटाची नाडी सुटली होती. गर्दीचा एक लोंढा मध्ये आला आणि बोट सुटलं. टिटवीच्या आईने वळून पाहिलं, पोर दिसेना. ती टाचा उंचावून ओरडली, "टिटवे! ए टिटवे!"

पोर दहा पावलांवरच होती, खाली बसून नाडी ओढत होती. तिने मान वर केली. आणि आणखी एका माणसाने मान वळवली.

तो पाळण्याच्या चौकटीवर, जमिनीपासून दोन पुरुष उंच उभा होता. पाळणा जुन्या पद्धतीचा होता, हाताने फिरवायचा. वर चढायचं, येणारी पाटी, म्हणजे बसायची पेटी, धरून अंगाचं सगळं वजन त्यावर टाकायचं आणि तिच्याबरोबर खाली यायचं. खाली पाय टेकले की पुन्हा शिडीवर. तो वरच थांबला होता. हातातून पाटी निसटून गेली, ते त्याला कळलंही नाही. खालून मालक ओरडला, "झोपलास काय रे?"

तिने आधी कान पाहिला. मग चेहरा. गालफडं बसली होती, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. तळहातावर थुंकून हात चोळायची सवय मात्र तीच.

"आई, पाळणा!" टिटवी तिच्या हाताला लटकली. "आई, मला बसायचंय. एकदाच. मग काही मागणार नाही. मोठी होईपर्यंत मागणार नाही."

ती पोरीला घेऊन पुढे गेली. पाटी खाली आली होती. तो खाली उतरून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. वाकून पोरीला उचललं, पाटीत बसवलं आणि समोरची साखळी लावली. आकडा लागायला वेळ लागला.

"नाव काय तुझं?"

"टिटवी."

"काय?"

"टिटवी! माझ्या बाबांनी ठेवलंय. ते लांब आहेत. पूल बांधतात."

टिटवीची आई हातभर अंतरावर उभी होती. पूल तिनेच पोरीला सांगितला होता, चार वर्षं थोडा थोडा करून. त्याला कमानी केल्या होत्या, खाली बोटी सोडल्या होत्या. अजून थोडाच राहिलाय, असं ती दर हिवाळ्यात सांगायची.

"मोठं काम आहे," तो म्हणाला.

"मोठंच आहे. म्हणून तर वेळ लागतो," टिटवी म्हणाली. "काका, घट्ट धरू ना?"

"घट्ट धर."

पाळणा फिरला. टिटवीने पहिल्या फेरीला टाहो फोडला, दुसऱ्या फेरीला ती हसायला लागली. वर गेली की तिचे पाय आभाळात दिसायचे. ठरलेल्या फेऱ्या संपल्या, बाकीची पोरं उतरली, पण टिटवीच्या पाटीची साखळी त्याने काढली नाही. नवी पोरं बसवली आणि पुन्हा वर चढला.

तिसऱ्या खेपेनंतर दुसरा गडी त्याच्या जागी आला. तो खाली उतरला, तिच्या जवळून जाताना म्हणाला, "मागे ये."

चिठ्ठ्या फाडायच्या टेबलाशी एक बाई बसली होती. मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. त्या मुलाचं कपाळ पाहिल्यावर टिटवीच्या आईला काही विचारायची गरज राहिली नाही. बाईनेही एकदा तिच्याकडे, एकदा उतरून धावत आलेल्या टिटवीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती मुकाट्याने सरकली, टिटवीला बाकावर जागा केली आणि पिशवीतून एक उकडलेलं अंडं काढून तिच्या हातात दिलं. "बस इथे, बाळ. सोलता येतं ना?"

ताडपत्रीच्या मागे दोरखंड, वंगणाचे डबे आणि एक चूल होती. तो एका डब्यावर बसला, मग उठला. तिला बसायला सांगावं की नाही, हे त्याला कळेना.

"कशी आहेस?"

"दिसतेय तशी."

"पोरगी मोठी झाली."

"पोरं होतातच मोठी. थांबत नाहीत कोणासाठी." तिने आवाज खाली आणला. वाटभर घोकलेलं तिला नीट सांगायचं होतं. "हे बघा, मी तुम्हाला न्यायला आलेली नाही. ते डोक्यातून काढून टाका. ही बाहेर कोण बसलीय, तेही मी विचारत नाही. उद्या पट्टीची मोजणी आहे. एक दिवस या. कारकुनासमोर उभे राहा आणि म्हणा, माझा हिस्सा हिच्याकडे राहू दे. तेवढंच. दुपारी परत निघा. मी अडवणार नाही, गावात कोणाला काही बोलणार नाही."

तो तळहातावरचं वंगण अंगठ्याने खरवडत राहिला.

"दादा तुला काही बोलला नाही?"

"काय बोलायचं होतं?"

"थंडीत तो इथे आला होता."

तिला वाटलं, चुलीचा धूर नाकात गेला. चूल तर विझलेली होती.

"पाळण्याचा मधला दांडा मोडला होता," तो सांगू लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "माझ्याच पाळीत मोडला. एक म्हातारा पडला, त्याचा हात गेला कायमचा. मालक म्हणाला, नवं लाकूड उभं कर, नाहीतर पोलिसात देतो. माझ्याकडे काय होतं? दादाला निरोप धाडला. त्याने लाकूड आणलं. गाडी भरून आणलं. आणि एक कागद आणला."

थंडीत बांधावरचा साग तोडला गेला होता. टिटवीच्या आईने विचारलं तेव्हा मोठे भाऊजी म्हणाले होते, आतून पोखरलाय, वादळात घरावर पडेल. तिने फांद्या गोळा करायला मदत केली होती. त्या जळणावर दोन महिने तिची चूल चालली होती, आणि तिने भाऊजींचे उपकार मानले होते.

ताडपत्रीच्या फटीतून पाळणा दिसत होता. मधला दांडा निळ्या रंगाने रंगवलेला.

"तुमच्या वडिलांनी लावला होता तो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कागदात काय होतं?"

"मी वाचला नाही."

"काय होतं?"

"पट्टी." तो थांबला. "आणि घराचा आपला भाग. दादा म्हणाला, तुझी बायको-पोर मी सांभाळतो, तू काळजी करू नकोस. तो म्हणाला तसं. खरंच म्हणाला."

ती खाली बसली. समोर दोरखंडाचं भेंडोळं होतं, त्याच्या एका टोकाला मुंग्या लागल्या होत्या. कुणीतरी तिथे गोड काही सांडलं असावं. ती मुंग्यांकडे बघत राहिली. बाहेर टिटवी त्या बाईला मोठमोठ्याने सांगत होती की मेलेल्या वासराला बटणाचा डोळा असतो.

"मग आम्ही कुठे जायचं?" तिने विचारलं. भांडण म्हणून नाही. त्याला ठाऊक असेल, अशी तिला अजून कुठेतरी आशा होती.

त्याने फटीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "पोरीला इथे ठेव हवं तर. तिला आवडलंय. पोटाला मिळेल. ही बाई वाईट नाही."

"कोण म्हणून ठेवू?"

"म्हणजे?"

"पोर विचारेल, हे कोण. काय सांगशील तू?"

नऊ वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तो दचकला. पलीकडून मालकाने शिटी मारली आणि तो इतक्या चटकन वळला, की ती शिटी आपल्याला सोडवायलाच आली, असं त्याला वाटलं असावं.

"तिला सांगू नकोस," जाता जाता तो म्हणाला. "आता कशाला."

टिटवीच्या आईने फडक्याने तोंड पुसलं आणि बाहेर आली. बाकावरच्या बाईने मान वर केली. "मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही," ती हळूच म्हणाली. "पण मलाही दुसरी जागा नव्हती."

टिटवीच्या आईने तिच्या मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. त्याच्या नाकाला शेंबूड आला होता. "सर्दी झालीय याला," ती म्हणाली. "धुळीत ठेवू नका."

"आई, अजून एकदा?" टिटवीच्या तोंडाला अंड्याचा पिवळा बलक लागला होता.

वाट लांबची होती, ऊन कलायला लागलं होतं. पण तिने मान हलवली. त्याने पोरीला पुन्हा उचललं आणि पुन्हा साखळी लावली. ती खाली उभी राहून बघत राहिली. निळा दांडा करकरत फिरत होता आणि त्याच्यावरून तिची पोर आभाळात जात होती, खाली येत होती, पुन्हा जात होती. दर खेपेला वरून ओरडत होती, "आई, आपलं घर दिसतंय!" दिसत नव्हतं. तीन तासांच्या वाटेवरचं घर कुठून दिसणार. तरी टिटवीची आई दर खेपेला खालून म्हणत होती, "बघ, बघून घे."

परतताना टिटवीच्या टाचा सोलवटल्या, तेव्हा तिने बूट काढून गळ्यात अडकवले. थोडं चालली, मग आईच्या पाठीवर चढली.

"आई, ते काका बहिरे आहेत का?"

"का गं?"

"मी उतरताना त्यांनी पुन्हा नाव विचारलं. मी तर केवढ्या मोठ्याने सांगितलं होतं."

"पाळण्याच्या आवाजाने होत असेल."

"त्यांना आपल्याकडे बोलवू या. बाबा आले की."

"कामाचे आहेत ते," आई म्हणाली. पोरीचं वजन पाठीवर हळूहळू वाढत गेलं, म्हणजे ती झोपली. मग टिटवीच्या आईने चालता चालता सगळ्या जागा आठवून पाहिल्या. भाऊ होता, पण त्याच्याकडे सात माणसं एका खोलीत. मावशी वारलेली. वीटभट्टीवर बायका घेतात, पण पोरीला खोकला आहे. एकेक दार मनात उघडायचं आणि आतून कोणीतरी लावून घ्यायचं. गावाची कुंपणं दिसायला लागली तेव्हा मोजायला काही उरलं नव्हतं. चालणं सोपं झालं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाला आला. त्याच्याबरोबर कारकून. मोठे भाऊजी धुतलेला सदरा घालून बांधावर उभे होते. कागद त्यांच्या खिशात होता, पण कोणी मागितला नाही. कारकुनाने तिच्याकडे पाहून विचारलं, "काय बाई, आणलास नवरा?"

ती म्हणाली, "नाही."

"काका, आम्ही जत्रेला गेलो होतो!" टिटवी थोरल्या काकांच्या पायाशी धावली. भांडण वगैरे तिच्या गावी नव्हतं. "मी पाळण्यात सगळ्यात वर गेले. पाळणेवाल्या काकांनी मला खूप वेळ फिरवलं. त्यांचा एक कान फाटलाय!"

मोठ्या भाऊजींनी झटकन भावजयीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती ओरडेल, कारकुनासमोर कपाळ बडवेल, शिव्या घालेल, अशी तयारी त्यांच्या खांद्यांनी करून ठेवली. तिने तसं काही केलं नाही. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी त्यांनीच नजर काढून घेतली.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मोजणीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यात जवळ ती होती. "धरा हो बाई जरा. ताणून धरा. अजून मागे जा. अजून."

ती मागे मागे गेली. टेपचं कडं तिने ओढ्याच्या काठाच्या दगडावर दाबून धरलं. मोजणीवाल्याने आकडा वाचला, कारकुनाने लिहिला. खुंटी ठोकताना दगडाला कंप सुटायचा, तो तिच्या कोपरापर्यंत यायचा. चारी कोपरे झाले. तासाभराचंही काम नव्हतं.

कारकून आणि मोजणीवाला चहाला वर गेले. मोठे भाऊजी थोडं मागे थांबले, पायाने ढेकूळ फोडत.

"बटाटे तुझे आहेत, ते काढून घे," ते म्हणाले. "आठ दिवसांत मला नांगर घालायचाय. खोलीचं... खोलीचं काही घाईचं नाही. पाऊस पडेपर्यंत राहा." त्यांनी घसा साफ केला. "आणि परक्या बायका लावण्यापेक्षा तूच ये रोजाने. तुला हे रान माहितीचं आहे."

पलीकडे टिटवी खुंटीवर एक पाय ठेवून उभी राहायचा प्रयत्न करत होती, पडत होती, पुन्हा चढत होती.

टिटवीच्या आईने कुदळ उचलली. पात्याला चिकटलेली माती नखाने काढली. मग फडकं डोक्यावर घट्ट बांधत, जमिनीकडे बघून विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ, भाऊजी?"